उच्च न्यायालयाचे अलीकडील काही निकाल आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी हा विषय मला दिला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. मी वकील नाही. बी.ए., बी.एड. होऊन नववी-दहावीच्या वर्गांना मराठी शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु पुढे मी होकार दिला. त्याला एक कारण आहे, आणि ते आधी सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीची आई शाळेत आली होती. नवरा आखातात. तिकडून त्याने रजिस्टर पोस्टाने तलाक पाठविला. ही बाई मुलीला घेऊन माहेरी आली आणि काजूच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. मुलीच्या दाखल्याचे काम झाल्यावर ती दाराशी घुटमळली आणि म्हणाली, "सर, तुम्ही शिकलेले आहात. मला त्याच्याकडून काही मागता येईल का हो?" मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "आपा, इद्दत संपली ना? मग आता मेहेर राहिला असेल तर तेवढा मागा. बाकी काही नाही." ती "बरं सर" म्हणाली आणि गेली.

हे उत्तर मी कोणत्या पुस्तकात वाचले होते? कोणत्याच नाही. लहानपणापासून मोहल्ल्यात जे ऐकत आलो तेच मी शिक्षकाच्या खुर्चीत बसून सांगितले. ते चूक होते. आज चूक ठरले असे नव्हे, मी सांगितले त्या दिवशीच ते चूक होते. हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि ते कळले ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील एका निकालामुळे.

तो निकाल असा. चिपळूणच्या एका घरातील हे प्रकरण. निकाह २००५ साली झाला, त्याच वर्षी मुलगी झाली. नवरा नोकरीसाठी सौदी अरेबियात. २००८ साली त्याने रजिस्टर पोस्टाने तलाक पाठविला. बाईने १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियमाखाली चिपळूणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. २०१४ साली त्यांनी ४ लाख ३२ हजार रुपये एकरकमी देण्याचा हुकूम केला. खेडच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये ही रक्कम वाढवून ९ लाख केली. नवरा उच्च न्यायालयात गेला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, बाईचा दुसरा निकाह झाला आणि काही महिन्यांतच तोही मोडला. नवऱ्याच्या बाजूने म्हणणे असे मांडले गेले की, तिने दुसरे लग्न केले, आता माझी जबाबदारी उरली नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती राजेश पाटील यांनी नवऱ्याचा अर्ज फेटाळला. त्यांनी कायद्याचे शब्द पाहिले. कलम ३ मध्ये तलाक मिळालेल्या स्त्रीला 'वाजवी आणि रास्त तरतूद' मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काला पुनर्विवाहाची अट कुठेही घातलेली नाही. ही देणी तलाकच्या वेळीच पक्की होतात. दुसऱ्या लग्नाने ती सुटतात असे मानले, तर नवरे पैसे न देता बायकोच्या दुसऱ्या लग्नाची वाट पाहत बसतील.

आता इद्दतीविषयी. हा मुद्दा मी मराठीचा शिक्षक म्हणून सांगतो, कारण सारा वाद दोन शब्दांच्या फरकाचा आहे. १९८५ साली शाहबानो प्रकरणाचा निकाल लागला, त्यावर वादळ उठले आणि १९८६ चा हा कायदा आला. ही तरतूद इद्दतीच्या काळात करावी आणि द्यावी, असे त्यात लिहिले आहे. सर्वांनी त्याचा अर्थ 'इद्दतीपुरती' असा घेतला. पण 'इद्दतीच्या आत द्या' आणि 'इद्दतीपुरते द्या' ही दोन वाक्ये एक आहेत काय? मी एखाद्याला म्हटले, "महिनाअखेरच्या आत शाळेच्या इमारतीची रक्कम भरा," तर ती रक्कम एका महिन्यापुरत्या इमारतीची असते का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली हेच सांगितले, आणि सप्टेंबर २००१ मध्ये डॅनियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. इद्दत ही पैसे देण्याची मुदत आहे, तरतूद मात्र तिच्या पुढील आयुष्याची करायची आहे. डॅनियल लतिफी हे शाहबानो यांचे वकील होते. जो कायदा शाहबानोंचा निकाल पुसण्यासाठी आला असे सर्व समजत होते, त्याच कायद्यातून स्त्रियांचा हक्क टिकला. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हते.

पुढे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका प्रकरणात आणखी स्पष्ट केले की, १९८६ चा कायदा असला तरी तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हे कलम १४४ झाले आहे. या दोन वाटांत एक फरक आहे, तो लक्षात ठेवा. कलम १२५ ची दरमहाची पोटगी पुनर्विवाहानंतर थांबते. चिपळूणच्या प्रकरणातील एकरकमी तरतूद थांबली नाही, कारण ती वेगळ्या कायद्याखालची होती.

या प्रकरणातील तारखा पुन्हा एकदा मनात आणा. तलाक २००८, उच्च न्यायालयाचा निकाल २०२४. तलाकच्या वेळी जी मुलगी दोन-अडीच वर्षांची होती ती निकालाच्या दिवशी अठरा पूर्ण झालेली होती. कायदा चांगला असून भागत नाही, ही याची दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवून ठेवणार नाही.

आता तलाकविषयीच. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरामुळे आपल्या समाजात दोन टोकाच्या समजुती पसरल्या आहेत. काहींना वाटते, तोंडाने तीन वेळा म्हटले की झाले. काहींना वाटते, २०१९ च्या कायद्यानंतर तलाक हा शब्दच उच्चारला तरी तुरुंग. दोन्ही खोटे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला, आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. परंतु भुसावळच्या एका प्रकरणात नवऱ्याने तलाक-ए-अहसन दिला होता, म्हणजे एकदाच उच्चार आणि त्यानंतर इद्दतीचा काळ, ज्यात समेटाला वाव असतो. तरीही २०१९ च्या कायद्याखाली त्याच्यावर आणि त्याच्या आईवडिलांवर गुन्हा नोंदला गेला. एप्रिल २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो रद्द केला. न्यायमूर्ती विभा कंकणवाडी व न्यायमूर्ती संजय देशमुख यांनी कायद्यातील व्याख्या पाहिली. ती तत्काळ व परत न घेता येणाऱ्या तलाकची आहे, अहसनची नाही. शिवाय त्या कलमाखाली आरोपी फक्त नवराच होऊ शकतो, सासू-सासरे नव्हेत.

यावरून कोणी मुलग्यांच्या बापांनी खूश होऊन जाऊ नये. याच औरंगाबाद खंडपीठात २००२ साली पूर्णपीठाने एका पठाण कुटुंबाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की, तलाकला वाजवी कारण हवे, त्याआधी दोन्हीकडील मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सर्व पुराव्याने सिद्ध करावे लागते. पोटगीच्या दाव्यात उत्तर देताना लेखी कैफियतीत "मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे" असे लिहून टाकले की तलाक सिद्ध होत नाही. आणि हे मध्यस्थ न्यायमूर्तींनी स्वतःच्या कल्पनेतून आणलेले नाहीत. सूरह निसामध्ये नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक, असे दोन मध्यस्थ नेमायला सांगितले आहे. आपण ते दर रमजानला वाचतो आणि तलाकच्या वेळी विसरतो, आणि मग न्यायालयाने आठवण करून दिली की 'शरियतमध्ये हस्तक्षेप' म्हणून ओरडतो. हे माझे मत आहे, कोणाला कडू लागल्यास माफी असावी.

फौजदारी निकालांपैकी एकावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. संध्याकाळी कामावरून घरी परतणारी, सर्व धर्मांची माणसे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. तेरावा आरोपी निर्दोष सुटला. तो पेशाने शिक्षक होता आणि तोपर्यंत नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी उरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांपैकी एक जण २०२१ सालीच तुरुंगात मरण पावला होता.

त्या दिवशी मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश आले. आपल्याकडच्या गटांत 'मुबारक हो', आणि दुसरीकडे 'सुटलेच कसे'. निकालात काय लिहिले आहे हे दोन्हीकडे कोणी विचारले नाही. म्हणून मी ते सांगतो. ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखले, त्यांनी ते घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी सांगितले. इतक्या दिवसांनी एका प्रवाशाचा चेहरा कसा आठवला, याचे पटणारे कारण पुढे आले नाही. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच त्या वेळी राहिला नव्हता. कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत. जप्त केलेल्या वस्तू नीट सीलबंद ठेवलेल्या नव्हत्या, आणि स्फोटात बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेही सिद्ध झाले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एवढे केले की, हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्याची गरज नाही. म्हणजे 'सारे संपले' म्हणणाराही चूक आणि 'निकाल रद्द झाला' म्हणणाराही चूक. आणि जी माणसे गाडीतून घरी पोहोचलीच नाहीत, त्यांच्या मुलांच्या प्रश्नाला एकोणीस वर्षांनंतरही उत्तर मिळालेले नाही. 'मुबारक हो' लिहिताना ते मनात असायला हवे होते.

असेच २०२० मध्ये झाले. तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे केले गेले, अशा अर्थाचे शब्द निकालपत्रात आले. ते शब्द घरोघरी पोहोचले. पण त्याच निकालपत्राच्या शेवटी दुसऱ्या न्यायमूर्तींनी, न्या. सेवलीकर यांनी, निकाल मान्य करून काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही असे वेगळे नोंदविले आहे, ते कोणी पुढे पाठविले नाही. आपल्याला आवडते तेवढेच पान फाडून वाटायचे, ही सवय विद्यार्थी तरी लावून घेऊ नका.

मुलींच्या पालकांकडून मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न हिजाबचा. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी, बिल्ले इत्यादींना मनाई करणारी सूचना काढली. २६ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींचा अर्ज फेटाळला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांच्यापुरती त्या सूचनेला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. ही स्थगिती आहे, अंतिम निकाल नव्हे. या दोन शब्दांतला फरक समजला नाही तर वर्तमानपत्र वाचूनही वाचल्यासारखे होत नाही.

दिवाणी बाजूचा एक निकाल मला मनापासून आवडला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या नव्या इमारतीच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दूतही नाव लिहिले होते. त्याला हरकत घेतली गेली. मराठी ही राजभाषा, मग उर्दू कशाला? नागपूर खंडपीठाने १० एप्रिल २०२४ रोजी ती हरकत फेटाळली. २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा मराठी वापरणे बंधनकारक करतो, जोडीला दुसरी भाषा लिहू नका असे म्हणत नाही. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच कायम केले. पातूरला १९५६ पासून उर्दूचा वापर चालू होता, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे त्या निकालात आले. आपण तर घरात कोकणी बोलणारी, शाळेत मराठी शिकणारी आणि मदरशात उर्दू वाचणारी माणसे. आणि गंमत पाहा, ज्यावर मी आज बोलत आहे ते दिवाणी, फौजदारी, वकील, फिर्याद, जामीन, मुदत, तारीख हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीच होऊन बसले. कोणत्याही मराठी शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत.

संस्थाचालकांसाठी दोनच वाक्ये. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेविषयी जो निकाल दिला, त्यात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून दिलेल्या सवलतीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविला आहे. आमच्या शिक्षकखोलीत त्यानंतर बरेच दिवस दुसरा विषय नव्हता.

आता कामाच्या गोष्टी. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला मुदत असते आणि ती फार थोडी असते. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात अपील ६० दिवसांत, फाशीची असेल तर ३० दिवसांत. "ईद झाल्यावर बघू", "मुलगा दुबईहून आल्यावर बघू" असे म्हणत ही मुदत जाते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची कारणे पटवावी लागतात. दुसरे, कागद. निकाहनाम्याची प्रत, मेहेर दिल्याची पावती, आखातातून आलेल्या पैशांची बँकेची नोंद, आणि रजिस्टर पोस्टाने काही आले तर आतील कागदाबरोबर पाकीटसुद्धा. पाकिटावर टपालाची तारीख असते. आपल्या घरी निकाहनामा विचारला की "जमातीच्या वहीत असेल" असे उत्तर मिळते, आणि वही कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसते.

तिसरे, वकिलाच्या फीची भीती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. आणि आपल्या जिल्ह्यासाठी एक मोठी गोष्ट झाली आहे. उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबई गाठावी लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. आंबा घाट ओलांडला की झाले, असे म्हणायला हरकत नाही, पावसाळ्यात तो उघडा असला तर.

निकालपत्रे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ती इंग्रजीत असतात. दहावी झालेल्या मुलांनी घरच्यांना एकेक परिच्छेद वाचून अर्थ सांगावा. त्यांचे इंग्रजीही सुधारेल आणि आमचेही. मी स्वतः चिपळूणचा निकाल तीन रात्री शब्दकोश घेऊन वाचला.

तो वाचून झाल्यावर मी त्या बाईंच्या माहेरी गेलो. मुलगी आता महाविद्यालयात आहे. मी सांगितले, "आपा, मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. निकाहनामा होता. तलाकचा कागद होता. पाकीट नव्हते, ते चुलीत गेले होते. विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी कागद पाहून अर्ज दाखल केला आहे. मधल्या वर्षांचा हिशेब नवऱ्याचे वकील विचारणार, "इतकी वर्षे गप्प का बसलात?" त्याचे उत्तर देण्यासाठी मी साक्षीला उभा राहीन, असे मी त्यांना सांगून आलो आहे.